बाईसाहेब आणि ‘मर्दानी’

झाशीच्या राणीवर मराठी आणि हिंदी मिळून इतके लिहिले गेले आहे, की आणखी एक लेख कशाला, असे कोणी विचारले तर ते वावगे म्हणता येणार नाही. पण प्रस्तुत लेखाचा विषय राणीचे चरित्र हा नाही. राणीला आपण कोणत्या भाषेतून ओळखतो, आणि त्या त्या भाषेने तिच्यातले काय ठेवले नि काय गाळले, एवढाच आहे. स्वातंत्र्याच्या लढ्यातील स्त्रियांचे स्थान ठरवताना अभ्यासक सनावळ्या पाहतात, तुरुंगवासाचे महिने मोजतात. सर्वसामान्य माणसाच्या मनातले स्थान मात्र लहानपणी पाठ केलेली कविता आणि घरात ऐकलेली गोष्ट यांनी ठरून जाते. तेव्हा हा इतिहासाइतकाच वाङ्मयाचाही प्रश्न आहे.

उज्जैनला देवास गेटच्या परिसरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तो पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा अधिक जवळचा वाटतो. स्टेशन आणि बसस्थानक यांच्या गजबजाटातला हा भाग. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकले की हिंदी, आणि खेड्यावरून आलेल्या माणसाशी माळवी. मुले शाळेत हिंदीतून शिकतात, आजीशी मराठी बोलतात आणि आपसांत भांडतात ती हिंदीत. अशा घरातल्या मुलीला ‘झाशीची राणी’ म्हटले की सुभद्राकुमारी चौहान यांची कविता आठवते. ती तिला अथपासून इतिपर्यंत पाठ असते. विष्णुभट गोडसे हे नाव घेतले तर ती नुसती आपल्याकडे पाहते. वास्तविक राणीला समक्ष पाहून, तिची दक्षिणा घेऊन, तिच्या शहराच्या वेढ्यात सापडून ज्याने लिहिले तो माणूस मराठी, त्याचे पुस्तक मराठी, आणि ज्या बाईविषयी लिहिले ती मोरोपंत तांब्यांची मुलगीही मराठी.

हा अनुभव केवळ माळव्यातला नसावा. बेळगावकडच्या मराठी घरांतली मुले कित्तूरच्या राणी चन्नम्माला कन्नड पाठांतून आणि पोवाड्यांतून ओळखतात. १८२४ साली इंग्रजांशी लढलेली ती राणी त्यांची होते ती शेजारच्या भाषेतून, आणि त्यात गैर काही नाही. दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्याला दोन्हीकडचे मिळते. मात्र एकीकडचे पाठ होऊन दुसरीकडचे कपाटात बंद राहिले, तर मिळाले असे म्हणवत नाही. आमच्या उज्जैनशी लहानपणापासून नाते असलेल्या मुक्तिबोधांच्या घरात गजानन माधव हिंदीतले थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मान्यवर कवी-समीक्षक. एका घराने दोन भाषांना दोन मुलगे दिले. ते घर दोन्ही भाषा वाचत होते, हे इथे ध्यानात घ्यावे.

आता गोडसे भटजींकडे वळू. वरसई हे पेण तालुक्यातले गाव. घरात कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे चार पैसे मिळतील, एवढ्या आशेने हा भिक्षुक १८५७ साली काका रामभट यांच्याबरोबर उत्तरेस निघाला. यज्ञ बाजूलाच राहिला. आमच्या माळव्यात, महूच्या आसपास, त्याला बंडाची खबर लागली आणि तेथून पुढे तो जिथे जाई तिथे लढाई त्याच्या आधी किंवा मागून येई. परत आला तेव्हा मिळवलेले द्रव्य लुटले गेले होते. पुढे कितीतरी वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने आठवणी लिहिल्या आणि ‘माझा प्रवास’ या नावाने त्या १९०७ साली छापून आल्या. वैद्यांनी हस्तलिखितावर बराच हात फिरवला होता. मूळ पोथीवरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुस्तक पुन्हा काढले, तेव्हा भटजींची खरी बोली वाचकांपुढे आली. ज्यांच्याकडे जुनी प्रत असेल त्यांनी पोतदारांची जरूर मिळवावी. एकाच मजकुरातला बोलका माणूस आणि संपादित माणूस यांतला फरक शिकायला याहून चांगले पुस्तक नाही.

हा भटजी शूर नाही. तो घाबरतो, लपतो, कमरेच्या पैशांची काळजी करतो. शकुन-अपशकुनांवर त्याचा विश्वास आहे. गंगाधररावांविषयीच्या गावगप्पा तो निःसंकोच टिपतो. देश, राष्ट्र, स्वातंत्र्य या शब्दांशी त्याला कर्तव्य नाही. इंग्रज धर्म बुडवतो आहे, एवढे त्याला कळते. इतिहासकार म्हणून त्याला नापास करणे सोपे आहे. पण डोळे! त्याचे डोळे विलक्षण आहेत. जे पुढे येईल ते तो पाहतो आणि काय पाहायचे नाही हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

म्हणून त्याच्या पुस्तकातली राणी दिवसाच्या सगळ्या प्रहरांत दिसते. पहाटे ती व्यायाम करते, मल्लखांब करते, घोडा फिरवते. मग तिचे स्नान. बंबातले ऊन पाणी, सुगंधी द्रव्ये, सगळा थाट. बाईसाहेबांना स्नानाची हौस होती हे सांगताना भटजीला ना चोरटेपणा वाटतो ना टीका करावीशी वाटते. मग पूजा, मग दरबार. दरबारात कधी पायजमा, बंडी, कमरेला शेला आणि तलवार असा पोशाख. कधी पांढरे पातळ. पती गेल्यापासून नथ वगैरे अलंकार नाहीत, पण हातात हिऱ्यांच्या बांगड्या आणि गळ्यात मोती आहेत. महालक्ष्मीच्या दर्शनाला कधी पालखीतून, कधी घोड्यावरून. थंडीने कुडकुडणारे भिकारी दिसले की त्यांना टोप्या, बंड्या, घोंगड्या वाटण्याचा हुकूम.

एवढे तपशील मी मुद्दाम दिले. यांतला एकही तपशील आमच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला ठाऊक नसतो. तिला घोडा आणि तलवार ठाऊक असते. घोडा आणि तलवार भटजीकडेही आहे. पण त्यांच्या आगेमागे एक संबंध बाई आहे. विधवा असून राज्य चालवणारी, हिऱ्यांच्या बांगड्या घालणारी, धर्म पाळणारी आणि स्वतःच्या देहाची निगा राखणारी. हे सगळे एका व्यक्तीत एकत्र असण्यात भटजीला कोडे पडत नाही. ते पडले आपल्याला, नंतरच्या लोकांना.

१८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजचा वेढा पडला. या वेढ्यात झाशीतल्या बायका तटाची डागडुजी करत होत्या, शिपायांना अन्नपाणी आणि दारूगोळा पोचवत होत्या, असे वेढा घालणाऱ्या सैन्यातल्याच डॉ. थॉमस लो यांनी लिहून ठेवले आहे. शत्रूची साक्ष आहे, तेव्हा अतिशयोक्तीचा संशय नको. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरच्या कत्तलीची आणि लुटीची भटजीने लिहिलेली पाने मराठी गद्यात अद्वितीय आहेत, असे माझे मत आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. आज काय लुटले, उद्या काय लुटले, कोण कुठे लपले, कोणी विहिरीत उडी टाकली, एवढेच. वाचताना हात थांबतो.

आणि मग काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग. पराभवानंतर, पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते. भटजी तिथेच असतो. तो पाणी काढून द्यायला पुढे होतो, तर ती त्याला थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नये, म्हणून दोर आणि मडके घेऊन स्वतः काढते आणि ओंजळीने पिते. आपल्यासारख्या विधवेला थोडेसे तांदूळ पुरले असते, पण धर्मासाठी हे पत्करले आणि ईश्वराने यश दिले नाही, अशा अर्थाचे चार शब्द बोलून घोड्यावर बसते. त्यानंतर दोनअडीच महिन्यांच्या आतच, जूनमध्ये, ग्वाल्हेरजवळ ती पडली.

या प्रसंगात आजच्या वाचकाला अडचण वाटावी असेही काही आहे. ब्राह्मणाने कोणासाठी पाणी काढावे नि कोणासाठी नाही, हा विचार ती सर्वस्व गमावलेल्या घटकेलाही सोडत नाही. तो गाळून तिला आजच्या मापाची क्रांतिकारक करण्यात अर्थ नाही. भटजीने तो गाळला नाही. त्यामुळेच त्या विहिरीवर एक खरी बाई उभी आहे असे वाटते.

भटजीचे पुस्तक छापले जाण्यापूर्वी, १८९४ साली, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचे सविस्तर मराठी चरित्र प्रसिद्ध केले होते. पारसनिसांची अडचण वेगळी होती. इंग्रजांचे राज्य ऐन भरात, आणि इंग्रजी ग्रंथांत झाशीच्या जोखनबागेतल्या कत्तलीचे पाप राणीच्या माथी मारलेले. तिचा दत्तक मुलगा दामोदरराव त्या वेळी आमच्या शेजारी इंदूरलाच सरकारी तनख्यावर दिवस काढत होता. तो १९०६ साली वारला. आईचा कलंक धुऊन निघावा ही त्याची इच्छा असणे स्वाभाविक होते, आणि मार्टिन नावाच्या इंग्रजाने राणी निर्दोष असल्याचे त्याला कळवलेले पत्र चरित्रकाराच्या कामी आले. त्यामुळे पारसनिसांची राणी ही मुख्यतः निरपराध राणी आहे. तिच्यावर अन्याय झाला, तिने दाद मागितली, दाद मिळाली नाही, निरुपाय झाला तेव्हा शस्त्र धरले. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तशी ही मांडणी आहे. ती उत्तम मांडली आहे, यात शंका नाही. पण वकिलाच्या कैफियतीत अशिलाला फारसे बोलायला मिळत नाही.

हेच झाशीच्या वृंदावनलाल वर्मांना खुपले. ते स्वतः व्यवसायाने वकील! लहानपणी पणजीकडून राणीच्या गोष्टी ऐकलेल्या, आणि पारसनिसांच्या पुस्तकात राणी निरुपायाने लढली असे वाचायला मिळालेले. राणी स्वराज्यासाठी लढली की केवळ नाइलाजाने, हा प्रश्न मनात धरून त्यांनी जुने कागद पाहिले, म्हाताऱ्या माणसांना विचारले आणि १९४६ साली ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ ही कादंबरी लिहिली. म्हणजे हिंदीतली राणीवरची सर्वांत गाजलेली कादंबरी एका मराठी चरित्राशी भांडण म्हणून जन्माला आली. दुभाषी प्रदेशातल्या वाचकाला याहून गोड भांडण कोणते मिळणार?

या कादंबरीत दोष पुष्कळ आहेत. राणी कित्येकदा १९४० नंतरच्या पुढाऱ्यासारखी बोलते, आणि संवाद संपला तरी व्याख्यान चालू राहते. पण वर्मांनी एक गोष्ट केली, जी भटजीला आणि पारसनिसांना सुचली नाही. त्यांनी राणीभोवतीच्या बायकांना नावे आणि कामे दिली. सुंदर, मुंदर, काशी या दासी-मैत्रिणी. गंगाधररावांच्या नाटकशाळेतल्या मोतीबाई आणि जुही. कोरी समाजातली झलकारी. त्यातही मला विशेष वाटतो तो हळदीकुंकवाचा प्रसंग. राणी वाड्यात हळदीकुंकू करते, शहरातल्या सर्व थरांतल्या बायकांना बोलावते, लाजरी झलकारी येते, आणि नवऱ्याचे नाव घेण्यावरून थट्टा रंगते. आपल्या आयाबहिणींचा चैत्रातला समारंभ एका बुंदेलखंडी हिंदी लेखकाने लढाईच्या तयारीचे ठिकाण करून टाकला. बायकांना एकत्र जमायला समाजाने ज्याला हरकत घेतली नसती असे निमित्त कोणते, तर हळदीकुंकू. पुढे लोकमान्यांच्या काळापासून महाराष्ट्रात हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्वदेशीचा प्रचार झाला, त्याची आठवण होते. मराठी लेखकांना हा समारंभ इतका घरचा, की त्यात काही पाहण्यासारखे आहे असे वाटलेच नाही.

भटजीच्या डोळ्यांची मी एवढी स्तुती केली. पण ते डोळे वाड्यातल्या दासींवर आणि गावकुसाकडच्या बायकांवर फारसे ठरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. झलकारीबाई त्याच्या पुस्तकात सापडत नाही. ती लोकांच्या तोंडी राहिली, वर्मांच्या कादंबरीतून कागदावर आली आणि २००१ साली तिचे टपाल तिकीट निघाले.

आता त्या कवितेकडे येतो. ती ‘मुकुल’ या १९३० च्या संग्रहात आहे, आणि मुलांना इतकी आवडते की शिक्षकाला काही करावे लागत नाही. ठेका असा की पाय आपोआप वाजतात. पंधरा ऑगस्टच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडच्या कुठल्याही शाळेच्या आवारात उभे राहावे. कुठल्यातरी वर्गातून ती ऐकू येतेच. पाठांतराच्या स्पर्धेत तिच्यावर बंदी घालावी, म्हणजे निदान दुसऱ्या कविता तरी ऐकायला मिळतील, असे परीक्षक मंडळी दरवर्षी थट्टेने म्हणतात.

या कवितेवर मराठी घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते, की तिने आपली राणी हिंदीवाल्यांची केली. ही तक्रार कविता न वाचता केलेली आहे. सुभद्राकुमारींनी राणीचे मराठीपण लपवलेले नाही. नानासाहेबांबरोबरचे बालपण, शिवाजीमहाराजांच्या पाठ असलेल्या कथा, महाराष्ट्राची कुलदेवता भवानी, हे सगळे त्या आवर्जून सांगतात. आपण ही कथा बुंदेलखंडातल्या हरबोल्यांकडून ऐकली, असे श्रेयही प्रत्येक कडव्याच्या शेवटी देतात. उलट आपल्यालाच अवघड जावे अशी एक गोष्ट त्यांनी सांगितली आहे. इंग्रजांचे मित्र असलेल्या शिंद्यांनी राजधानी सोडली, हे ती कविता स्पष्ट बोलते. उज्जैन हे शिंद्यांच्या राज्यातले शहर. आमच्यापैकी कितीतरी घराण्यांचे पूर्वज याच दरबाराच्या चाकरीत इकडे आले. राणी मराठी म्हणून आमची, आणि १८५८ च्या जूनमध्ये जे इंग्रजांकडे गेले ते जयाजीराव शिंदेही मराठीच आणि आमचेच. मराठी घरांत त्या कडव्यापाशी वडील मंडळी जरा खाकरतात. कवितेने जातपात, भाषा न पाहता सत्य सांगितले, हा तिचा गुण मानला पाहिजे.

माझा आक्षेप एका शब्दाला आहे, आणि तो शब्द म्हणजे कवितेचा प्राण आहे: ‘मर्दानी’. राणीचे सर्वांत मोठे कौतुक करायचे तर ती पुरुषासारखी होती असे म्हणायचे. कवितेत एका ठिकाणी बांगड्या आणि बाण यांचा विरोध मांडलेला आहे. बाण चालवणाऱ्या हातांना बांगड्या शोभल्या नाहीत म्हणून दैवाने वैधव्य दिले, अशी ती कल्पना. काव्य म्हणून ती हृदयाला भिडते. पण भटजीने तर त्याच हातांत वैधव्यानंतरही हिऱ्यांच्या बांगड्या पाहिल्या होत्या! भिक्षुकाला बांगड्या आणि तलवार एका हातात दिसल्या. कवयित्रीला एक काढून दुसरी द्यावी लागली. कवितेच्या पाठोपाठ चित्रे, पुतळे, नाटके, सिनेमे आले आणि ती ‘मर्दानी’ पक्की झाली. पुढे तर शूर बाईचा सिनेमा काढायचा म्हटले की शीर्षक तेच. शाळेच्या रंगमंचावर राणी होणाऱ्या मुलीला आम्ही आधी कमरेत हात ठेवून घोगऱ्या आवाजात बोलायला शिकवतो. तिचा आवाज तिचाच ठेवून ती राणी का होऊ शकत नाही, हे कोणी विचारत नाही.

मराठीने यासाठी एक साधा शब्द ठेवला होता: बाई. अहिल्याबाई, बायजाबाई, लक्ष्मीबाई. राज्य करणारीलाही बाई आणि शेजारणीलाही बाई. भटजी सबंध पुस्तकभर ‘बाईसाहेब’ म्हणतो आणि त्या एका शब्दात मान, माया आणि स्त्रीत्व तिन्ही बसतात. माळवी खेड्यांत हा शब्द अजून आदराचा आहे. शहरी हिंदीत मात्र त्याचा अर्थ घसरत घसरत भांडी घासणारीपर्यंत किंवा त्याहून भलतीकडे गेला. त्यामुळे आमच्या मुली आईला मैत्रिणींसमोर कोणी ‘बाई’ म्हटले तर ओशाळतात. शब्द गेला की त्याच्यामागची बाईही जाते.

तरी हा आक्षेप घेताना कवयित्रीचा काळ आणि तिचे स्वतःचे आयुष्य विसरून चालणार नाही. सुभद्राकुमारींचा जन्म १९०४ चा, अलाहाबादजवळचा. लग्न खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी, संसार जबलपूरला. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्या वेळी नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते, अर्धा प्रांत मराठी, अर्धा हिंदी. त्या सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या स्त्रियांत ही एकोणीस वर्षांची हिंदी कवयित्री होती. १९४२ साली त्या पुन्हा तुरुंगात गेल्या, घरी मुले टाकून. पडदा, जातपात, सोवळेओवळे यांत अडकलेल्या घरांतून बायकांना रस्त्यावर आणायचे होते, आणि त्यासाठी हाती सापडला तो सर्वांत मोठ्याने वाजणारा शब्द त्यांनी वापरला. बाहेर पडणाऱ्या बाईला लोक निर्लज्ज म्हणत होते. ‘मर्दानी’ हे त्याला उत्तर होते. आज तो शब्द मला तोकडा वाटतो. १९३० साली तो ढाल होता.

शिवाय त्यांच्या कथा वाचल्या की कळते, त्यांना बाई म्हणजे केवळ घोडेस्वार नको होती. ‘बिखरे मोती’ या १९३२ च्या संग्रहातल्या बायका घरातल्या आहेत. संशय घेणारे नवरे, टोचून बोलणाऱ्या सासवा, एखादे पत्र किंवा एखादी ओळख यावरून उठलेले वादळ. कवितेत जी बाई घोड्यावर बसवली तिची बहीण स्वयंपाकघरात काय सोसते, हे त्यांनी गद्यात सांगितले. पाठ्यपुस्तकांनी कविता उचलली आणि कथा मागे ठेवल्या. हा दोष सुभद्राकुमारींच्या पदरात घालता येत नाही. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. मराठी आणि हिंदी मुलखांच्या मधल्या रस्त्यावर.

चळवळीतली स्त्री आठवणीत राहते ती एकाच क्षणी, हातात तलवार किंवा झेंडा असताना. तिच्या आधीची नि नंतरची बाई पुसली जाते, हे राणीच्या बाबतीत झाले आणि पुढेही होत राहिले. इंदूरला जन्मलेल्या अवंतिकाबाई गोखले १९१७ साली गांधीजींच्या हाकेला ओ देऊन चंपारण्यातल्या खेड्यात शिकवायला गेल्या. १९१८ साली त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले, त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. माळव्याच्या या लेकीचे नाव माळव्यातल्या मराठी घरांत किती जणांना माहीत आहे? त्यांच्या हातात तलवार नव्हती, पाटी-पुस्तक होते.

आमच्या देवास गेटच्या बसस्थानकाला हुतात्मा राजाभाऊ महाकाळ यांचे नाव आहे. उज्जैनचा हा तरुण १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्ती सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीने पडला. नाव दिले ते अगदी योग्य झाले. इंदूरची गाडी पकडणारा प्रवासी त्या पाटीखालून जातो. थांबून विचारणारे थोडे, पण नाव तरी डोळ्यांखालून जाते. त्याच वर्षी, ६ एप्रिलला, म्हापशात गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना सुधाताई जोशी यांना पोर्तुगीजांनी पकडले आणि पुढे कित्येक वर्षे तुरुंगात ठेवले. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून देताना संस्कृतिकोशकार महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, असे आजही आधी सांगावे लागते.

आणि १५ ऑगस्टच्या ज्या सत्याग्रहात राजाभाऊ गेले, त्यातच सहोद्राबाई राय होत्या. झेंडा घेऊन सरहद्दीवर चालून गेल्या आणि हातावर गोळ्या झेलल्या. त्या दिवसाच्या हकिकती वाचाव्यात तर सहोद्राबाईंच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते, आणि त्यातही शब्द असतो ‘वीरांगना’. पुन्हा तेच. त्या सागरकडच्या, म्हणजे बुंदेलखंडातल्या. ज्या मुलखातल्या हरबोल्यांनी एका मराठी बाईची गाणी गावोगाव नेली, त्या मुलखातली ही बाई कोकणच्या टोकाला मराठी-कोकणी माणसांच्या मुक्तीसाठी गोळ्या खायला आली. तिचा विहिरीवरचा प्रसंग टिपायला तिथे कोणी गोडसे भटजी नव्हता. हाताची जखम बरी झाली आणि १९५७ साली सहोद्राबाई सागरहून लोकसभेवर निवडून गेल्या.